हातचाकापर्यंतचे चौदा मजले

माझी आत्या लिफ्ट दुरुस्त करते. बंद पडलेल्या लिफ्टपर्यंत लिफ्टनं जाता येत नाही, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. मशीन गच्चीवरच्या खोलीत. अवजारांची पिशवी खांद्याला लावायची आणि जिने चढायचे.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती अशीच चढताना नवव्या मजल्यावर बसली, ती बसलीच. लिफ्टमध्ये अडकलेल्या बाई अर्धा तास दार बडवत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिच्या कंपनीचे साहेब म्हणाले, "बाई, आता तक्रारींच्या फोनवर बसा. खुर्ची आहे, पंखा आहे."

"सहा महिने द्या. मग परीक्षा घ्या," आत्या म्हणाली.

ठरलं. चौदा मजले, पिशवीसकट, पाच मिनिटांत. वर पोचताच मशीनचं हातानं फिरवायचं चाक, म्हणजे हातचाक, फिरवून रिकामी लिफ्ट मजल्याला बरोबर टेकवायची. धाप लागलेल्याचा हात थरथरतो आणि लिफ्ट वीतभर वर नाहीतर खाली राहते.

आत्या पहाटे जिन्यावर. पहिल्या आठवड्यात तीन मजले, उतरताना कठडा धरून. मग घरी बर्फाची पिशवी.

"वय बघ की जरा," बाबा म्हणाले.

"बघितलं. माझ्या मागून जिना चढतंय, दमलंय बिचारं!"

वीस वर्षं तिच्याबरोबर काम करणारा सहकारी, ज्याला सगळे पाना म्हणतात, रोज टोमणा मारायचा. "तुमचं काय ताई, मुळातच काटक अंग. आमचं पोट घेऊन चढा, मग कळेल."

आत्या हसायची. सहा महिन्यांनी, परीक्षेच्या दिवशी मात्र हसली नाही. पिशवी उचलली आणि निघाली. वर साहेब घड्याळ घेऊन, पाना लिफ्टचा ब्रेक सोडायचा दांडा धरून. चार मिनिटं चाळीस सेकंदांनी आत्या दारात! घाम नाकावरून टपकत होता, पण चाक हळूहळू, एका लयीत फिरलं. साहेबांनी खाली जाऊन मजल्यावर पट्टी ठेवली. लिफ्ट आणि फरशी एका रेषेत.

"पास!" साहेब खालूनच ओरडले.

पाना पुटपुटला, "आज हवा गार होती."

आत्यानं पिशवी त्याच्या खांद्यावर अडकवली. "अजून गारच आहे. खाली जा आणि वर ये."

तो गेला. परत चढताना सहाव्या मजल्यापर्यंत त्याची शीळ ऐकू येत होती. सातव्यावर शीळ थांबली. दहाव्यावरून हाक आली, "ताई... पाणी!"

आत्या बाटली घेऊन उतरली. पाना पायरीवर फतकल मारून बसला होता, शर्ट पाठीला चिकटलेला.

"गुडघा दुखत असताना हे केलंत?"

"दुखतच होता."

त्यानं बाटली रिकामी केली. मग उठला आणि उरलेले चार मजले कठडा न सोडता चढला. वर साहेब परत आले होते. त्यांना म्हणाला, "हवाबिवा काही नाही, साहेब. ताईंनी कमावलंय हे."

मग आत्याकडे वळून हळूच, "उद्या किती वाजता येता जिन्यावर?"

"साडेपाचला. आणि पहिले आठ दिवस तोंड बंद. श्वास तिथंच खर्च होतो तुझा!"