बटण नसलेली पट्टी

आमच्या थोरल्या साडूंइतका रागीट माणूस धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्याशीही त्यांनी एव्हाना भांडण काढलं असेल. त्यांचं खरं वैर मात्र बटणाशी. आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना माणूस नकळत भिंतीवर हात फिरवतो आणि सापडेल ते बटण बंद करतो. वीज जाळतोस म्हणून लहानपणी खाल्लेली बोलणी अंगात मुरलेली असतात. साडूंच्या लेखी हा महाअपराध. घरातल्या पंख्याचं बटण काढून त्यांनी तारा थेट जोडल्या होत्या आणि माझी मेहुणी भर थंडीत गोधडी पांघरून त्या पंख्याखाली झोपायची. "तुमच्या साडूंना सांगा की जरा," असं ती मला म्हणायची. मी कशाला सांगतोय!

येरमाळ्याजवळ हायवेलगतच्या ज्या खाजगी दवाखान्यात मी बिलं करतो, तिथली संगणकाची खोली त्यांच्याकडे होती. लोखंडी रॅकमध्ये सर्व्हर. एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, सगळं त्यात. रॅकच्या मागे वीज पुरवणारी लांब पट्टी, तिला पीडीयू म्हणतात. तिच्यात एखादी जागा मोकळी दिसली की सिस्टरबाईंचा चार्जर यायचा, मग चहाची किटली, आणि दसऱ्याला पूजा झाल्यावर कुणीतरी दिव्यांची माळसुद्धा खुपसली. साडू ते सगळं उपटून अंगणात फेकत. "रॅक हाय का पानटपरी?" हे त्यांचं वाक्य रांगेतल्या पेशंटनाही पाठ होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी डॉक्टरांचे वडील, अण्णा, फेरी मारत त्या खोलीत शिरले आणि कुणी नाही असं बघून पट्टीचं लाल बटण बंद करून गेले. त्याच वेळी हायवेवर अपघात झालेला एक माणूस आणलेला. एक्स-रे काढला, पण पडद्यावर काही येईना. त्याला तसाच बार्शीला पाठवावा लागला. त्याची बायको ॲम्ब्युलन्समागे अनवाणी पळत होती. ते बघून साडू अण्णांवर असे काही ओरडले की रांगेतले पेशंट उठून दारात येऊन बघायला लागले.

डॉक्टरांना आता नवी पट्टी हवी होती. पडद्यावर आकडे दाखवणारी, मोबाईलवरून बंद-चालू होणारी. "म्हंजी अण्णा आता घरी बसून बंद करतेल," साडू म्हणाले. मी हसलो, डॉक्टर हसले नाहीत. "साधी घ्या, डॉक्टरसाहेब. पडदा न्हाय, बटण न्हाय. संगणकाचीच वायर बसंल, चार्जर बापजन्मी बसणार न्हाय, आसली. आन् दोन घ्या, दोन येगळ्या लाइनींवर. एक गेली तर दुसरी हाय."

डॉक्टर म्हणाले, "घेतो. पण आधी अण्णांची माफी मागा, नाहीतर दुसरीकडे काम बघा."

"मागा की हो, जीभ झिजते का?" मी बाहेर आल्यावर साडूंवर चिडलो.

"पाव्हणं, चुकून झालं आसतं तर म्या पाय धरले आसते. त्ये आजून म्हणत्यात, मी लाइट वाचविली!"

पट्ट्या साध्याच आल्या. साडूंनी त्या स्वतः बसवल्या, प्रत्येक वायर ओढून पाहिली, खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तेरखेड्याला घरी निघून गेले. माफी नाहीच. अण्णांचा, डॉक्टरांचा आणि सगळ्यांत जास्त साडूंचा मला इतका संताप आला की त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून रॅक एकदाही बंद पडला नाही. साडूंच्या जागी कुणाला घेतलंही नाही. काही बिघडतच नाही, मग माणूस कशाला, असं डॉक्टर म्हणतात.

परवा तेरखेड्याला गेलो होतो. चहा पिता पिता साडूंनी विचारलं, "काय बंद पडलं का?"

"नाही."

"एकदा बी न्हाय?"

"नाही हो."

"मंग बरं." मग खाली बघत म्हणाले, "कुनी आटवण काढतंय का माझी?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, काही बंदच पडत नाही, तर आठवण कशानं यावी? असं कुणी काम करून ठेवतं का?"

मला वाटलं, आता भांडतील. मी तयारच होतो. ते नुसते हसले, कप उचलून आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.