म्हातारीची टाच
तमाम लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या नाकाची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. परवा कार्बोलिक साबणाचा वास आला आणि नाक मला न विचारता थेट माझ्या तरुणपणीच्या पोलादपूरच्या बाजारात जाऊन उभे राहिले. तिथे घाटावरून आलेला एक ख्रिस्ती उपदेशक खणखणीत आवाजात सांगत होता, की त्याच्या प्रभूने कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या आम्हा तरुणांपैकी एक ओरडला, "मग आमचे पण धुवा की, पाद्रीबुवा!" तो हसला, पण वळला ओट्याखाली धुळीत बसलेल्या मोळीवाल्या म्हातारीकडे. तिच्या ओंजळीत गाव पाणीसुद्धा वरून, अंग चोरून ओतायचे. तिची टाच चिघळली होती, माशा घोंगावत होत्या. तांब्या आणि साबण घेऊन तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "माय, माझा प्रभूही असाच खाली बसला होता," तो हळूच म्हणाला. त्याचा हात लागताच म्हातारीने पाय ओढून घेतला आणि मोळी तिथेच टाकून ती लंगडत पळाली. पुन्हा ती बाजारात दिसली नाही. त्या टाचेचे पुढे काय झाले असेल, हे माझ्या मनातून अजून जात नाही, आणि पळताना ती जे ओरडली तेही: "अवो, देवच खाली बसला, तर आमी बसायचं कुठं?"