विमानातल्या स्ट्रेचरचं कापड

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी भिवंडीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात त्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, म्हणून वर्गात मी सहसा तोंड उघडत नसे.

त्या दिवशी एक डॉक्टर वर्गात आले. रस्ता पोचत नाही अशा मुलखातून आजारी माणसं आणायला त्यांनी आणि मित्रांनी एक जुनं, छोटं विमान मिळवलं होतं. आत ऑक्सिजन, औषधांची पेटी, दोन स्ट्रेचर बसवायचे होते. त्यासाठी ते मदत मागत होते. मी कशी कोण जाणे उभी राहिले.

"सर, स्ट्रेचरचं कापड आम्ही देऊ."

आमचे प्राध्यापक हसले. "अगं, विमान आहे ते. लुंगी नाही शिवायची. दोन रुपये दे आणि बस."

सगळा वर्ग हसला. मी बसले नाही. म्हटलं, "पैसे नाही सर. कापडच देणार."

माझे वडील, बा, पडघ्याकडच्या गावातून येऊन एका शेठच्या कारखान्यात लूम चालवायचे. शेठच्या एका लूमवर तेव्हा जाड कॅनव्हास होता. शेठला विचारून, शिफ्टनंतर थांबून, बांनी त्यावर सहा वार कापड काढलं. आमच्याकडे चांगलं कापड म्हणजे कडक आणि हाताला वजनदार. विमानात जाणार म्हणून त्यांनी ओळखीच्या माणसाकडून वर आणखी खळ चढवून आणली. कापड पत्र्यासारखं उभं राहत होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी ते काट्याला लावलं. काटा बघून ते अवघडले. "कापड मजबूत आहे गं. पण विमानात ग्रॅम-ग्रॅम मोजावा लागतो. हे फार जड होतं."

"मी म्हणालो होतो," प्राध्यापक म्हणाले.

"पुढच्या आठवड्यात परत मोजा," मी म्हटलं.

घरी सांगायला मला धीर होईना. शेवटी सांगितलं.

"जड?" बा उखडले. "जाड कापड वायट कवापासून झालं? मानूस उचलायचा हाय का चिमनी?"

"बा, कापड न्हाय, खळ जड हाय. खळ काढू."

"मी चढवलेली?"

"तुम्हीच चढवलेली."

बांनी कापड उचललं. मग स्वतःच चुलीवर पाणी ठेवलं. टपात कापड टाकून आम्ही दोघं आळीपाळीने तुडवत होतो. पाणी पेजेसारखं पांढरं व्हायचं, ओतून पुन्हा गरम घ्यायचं. तीन दिवस.

ठरल्या दिवशी बा ड्युटीआधी माझ्याबरोबर कॉलेजात आले, केसात कापसाचे तंतू तसेच. काटा या वेळी हवा तिथे थांबला. पण प्राध्यापकांनी मऊ पडलेलं कापड चिमटीत धरलं. "आता हे माणूस पेलेल का?"

बा पुढे झाले. डॉक्टरांनी आणलेल्या दांड्या कापडाच्या दुमडून शिवलेल्या कडांत घातल्या, जमिनीवर ठेवल्या आणि स्वतः वर आडवे झाले.

"उचला," ते म्हणाले.

पुढून डॉक्टरांनी धरलं. वर्ग अजून भरला नव्हता, मागे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून प्राध्यापकांना वाकावं लागलं. कापड ताणलं गेलं, करकरलं, आणि थांबलं. ते दोघं बांना घेऊन वर्गाच्या दारापर्यंत गेले, परत आले.

"घेतो," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही स्ट्रेचरना हेच लावतो."

बा अजून वरच होते, छताकडे बघत.

"मग ठेवा आता खाली," ते म्हणाले. "माझी शिफ्ट हाय."