आमचं तोफवालं कस्टम्सचं जहाज

लाकडी जहाजाच्या तळाशी रोज थोडं पाणी साचतं. ते पंपाने उपसता येतं. किस्से मात्र साचतच जातात! कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या बंदरात मी काही उन्हाळे एका जहाजावर व्हॉलंटियर होते. पूर्वी स्मगलर पकडायला राजाचं कस्टम्स खातं तोफा लावलेली जहाजं ठेवायचं. आमचं जहाज म्हणजे तशाच एकाची नक्कल. दर रविवारी जुन्या काळातले कपडे चढवायचे आणि टूरिस्टांसमोर स्मगलरांचा पाठलाग करायचा!

* * *

मी तिथे पोचले ती नोकरी मिळेना म्हणून. २०१६ मध्ये आम्ही नवीनच आलो होतो. जिथे अप्लाय करावं तिथे एकच प्रश्न, "कॅनेडियन एक्सपीरियन्स आहे का?" कुणीतरी म्हणालं, व्हॉलंटियर कर. लायब्ररीत जागा नव्हती, जहाजावर होती!

आमचा कॅप्टन डग. आयुष्यभर बंदरातली फेरीबोट चालवून रिटायर झालेला. त्याने विचारलं, "समुद्राची सवय आहे?" मी ऐटीत सांगितलं, "माझ्या वडिलांची उत्तनला मासेमारीची बोट होती."

पहिल्याच रविवारी बंदराबाहेर पडलो आणि मी कठड्याला लटकले. सकाळचा नाश्ता अटलांटिकला अर्पण!

धक्क्यावर परतल्यावर मिलिंद कांबळे हसत पुढे आला. हा नागपूरचा, इथे अकाउंटंट, आणि रविवारी स्मगलरांचा सरदार! "लवीनाताई, तुमच्या वडिलांची बोट होती म्हणे?"

म्हटलं, "बोट वडिलांची होती, पोट माझं आहे!"

* * *

शिडाचा दोर ओढताना सगळ्यांचा जोर एकदम लागावा लागतो. एकदा कुणाचाच ताल जमेना, तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "वढा रे वढा, हैया!" शीड सर्रकन वर! मग काय, गोरे काका-काकू दर रविवारी "वढा रे वढा" करायला लागले.

एक टूरिस्ट बाई भारावून डगला म्हणाली, "किती छान! हे स्कॉटलंडचं जुनं गेलिक ना?"

डगने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "खूपच जुनं!"

* * *

आमचं दुःख एकच. आम्ही कायद्याच्या बाजूने, पण पब्लिक कायम स्मगलरांच्या बाजूने! आम्ही दिसलो की पोरं "बू" करायची. तोफेवरची मार्गारेट शाळेतून रिटायर झालेली. ती म्हणायची, "मला सवय आहे. मी गणित शिकवायचे."

एकदा तर एक म्हातारबाबा काठी टेकत डगसमोर उभे राहिले. "माझ्या आजोबांची रम तुमच्या लोकांनी जप्त केली होती. कधी परत देताय?"

डग गंभीरपणे म्हणाला, "पावती आहे का?"

* * *

आमच्या खेळात एक प्रायव्हेटियरचं जहाजही होतं. म्हणजे राजाची परवानगी घेऊन शत्रूची जहाजं लुटणारा. मुलांना हे काही केल्या समजेना. समुद्री चाचा तर चाचा, त्याला परवानगी कसली?

मिलिंदने एका वाक्यात सोडवलं. "सिंपल आहे. वर्क परमिट असलेला चोर!"

त्याची स्वतःची पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची फाइल तेव्हा अडकली होती, म्हणून सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

* * *

शेवटी मला हॉस्पिटलच्या लॅबमधून इंटरव्ह्यूचा कॉल आला. समोर तिघं. "प्रेशरखाली काम करता येतं?"

म्हटलं, "दर रविवारी तोफ भरते. फायरही मीच करते."

मग मधली बाई म्हणाली, "सोमवारपासून ये. फक्त तोफ आणू नकोस!"

* * *

आणि तो धुक्याचा रविवार. पाठलाग रंगात आला होता आणि बघता बघता धुकं उतरलं. इतकं दाट, की आपलाच हात दिसेना. मिलिंद आणि त्याच्या स्मगलरांची छोटी बोट समोर होती, ती गायबच झाली. तिचं इंजिन बंद पडलंय, एवढं रेडिओवर ऐकू आलं आणि त्यांचा रेडिओही गप्प. फोन लावावा, तर सगळ्यांचे फोन किनाऱ्यावर लॉकरमध्ये. राजाच्या काळात फोन नव्हते ना! त्यात कंटेनरची मोठी जहाजं यायची वाट तीच.

डगने आमच्या रेडिओवरून मदत मागवली, पण या धुक्यात मदतीची बोटही सावकाशच येणार. मिलिंदची बायको सुजाता आमच्याच जहाजावर होती. तिने माझा हात गच्च धरला.

डग म्हणाला, "तोफ डागत राहा. आवाजाच्या रोखाने येतील."

मार्गारेट आणि मी गोळ्याशिवाय नुसती दारू भरायचो, डागायचो, कान देऊन ऐकायचो. काहीच नाही. परत भरायचो. प्रत्येक बारानंतर सुजाता एवढंच म्हणायची, "ताई, अजून एक."

तोफेची दारू संपत आली होती. तेवढ्यात इंजिनाची घरघर ऐकू आली! धुक्यातून एक अनोळखी मोटरबोट बाहेर आली. आत दोन दाढीवाले आणि मागे दोराला बांधलेली मिलिंदची बोट! सगळे सुखरूप. सुजाता रडता रडता हसायला लागली.

पण दाढीवाल्यांनी वर पाहिलं. समोर तोफा, धूर आणि तलवार लावलेला डग! दोघांनी खाडकन हात वर केले.

"शूट करू नका! सगळे परत टाकतो!"

एकाने ताडपत्री ओढली. खाली लॉब्स्टरच लॉब्स्टर! पकडायचा सीझन तर केव्हाच संपला होता, म्हणजे ही सरळ चोरीच! दोघं भराभर एकेक उचलून पाण्यात सोडायला लागले.

मागून मिलिंद जिवाच्या आकांताने ओरडला, "लवीनाताई, तोफ नका मारू! लई चांगली माणसं आहेत!"

एव्हाना धुकं विरलं होतं. लख्ख ऊन पडलं होतं. आम्ही सगळे डगकडे पाहत होतो.

डगने शांतपणे त्या बोटीकडे पाठ फिरवली.

"काय हे धुकं!" तो म्हणाला. "मला तर काहीच दिसत नाही."