विहिरीच्या तळाशी राजाचा खगोलशास्त्रज्ञ

आमच्या वसईच्या गावात चर्चच्या सणाला दरवर्षी एकांकिका होते. विषय बहुधा जमीन, सून नाहीतर दारू. त्या वर्षी लिहिण्याची पाळी माझ्यावर आली आणि मी विषय घेतला इंग्लंडच्या राजानं नेमलेल्या पहिल्या खगोलशास्त्रज्ञाचा. मी हिशेबतपासणीच्या नोकरीतला माणूस, म्हणून तो मला जवळचा वाटला. त्या खगोलशास्त्रज्ञानं चाळीसहून अधिक वर्षं एकच काम केलं. प्रत्येक तारा आकाशात नेमका कुठं आहे ते मोजायचं, चुकलं तर परत मोजायचं. हे करायचं ते समुद्रातल्या जहाजाला आपण कुठं आहोत हे कळावं म्हणून. राजानं त्याला वेधशाळा बांधून दिली ती खराब झालेली बंदुकीची दारू विकून आलेल्या पैशांतून, तीही जुन्या विटा आणि जुनं लाकूड वापरून. उपकरणं बहुतेक त्यानं स्वतःच्या खिशातून केली. तब्येत जन्माची नाजूक. पोटापाण्यासाठी धर्मगुरूचं कामही तो करायचा.

"धर्मगुरू म्हणजे आपल्यातला की त्यांच्यातला?" फादरनी विचारलं.

"त्यांच्यातला. प्रोटेस्टंट."

"हरकत नाही. ताऱ्यांना काय फरक पडतो? फक्त शेवटी प्रार्थना घालू नकोस."

पात्रं निवडायचा प्रश्न नव्हता. गावातले दोन चांगले नट म्हणजे माझे दोन आतेभाऊ. थोरला शाळेतून निवृत्त झालेला, पानवेल आणि सोनचाफा लावणारा. धाकटा बांधकामाचं सामान पुरवणारा. दोघांची घरं एकाच अंगणात, मधे एक विहीर, आणि त्या वर्षी दोघांत बोलणं बंद. पण एकांकिका सोडायची कल्पना दोघांनाही शिवली नाही. आमच्याकडे भावाशी अबोला धरता येतो, सणाच्या नाटकाशी नाही. समितीनं थोरल्याला खगोलशास्त्रज्ञ केलं आणि धाकट्याला त्याच्या नोंदी मागायला येणारा, सगळ्या युरोपात नाव झालेला मोठा शास्त्रज्ञ.

भांडण विहिरीचं होतं. माझ्या आत्याच्या नवऱ्यानं मरण्यापूर्वी पाण्याची वाटणी करून दिली होती. आठवड्याचे पहिले तीन दिवस थोरल्याचे, पुढचे तीन धाकट्याचे, आणि रविवार विहिरीचा. रविवारी कुणी पंप लावायचा नाही, विहीर भरू द्यायची. ही वाटणी निर्वेध चालली, कारण दोघंही वाडीच करत होते. मग धाकट्यानं आपल्या वाट्याची झाडं काढून गोदाम बांधलं आणि आपल्या तीन दिवसांचं पाणी टँकरला विकायला लागला. टँकर नालासोपाऱ्याच्या इमारतींना जायचे. वाटणी मोडली नव्हती. पण पाण्याला वार कळत नाहीत. समुद्र जवळ. गोडं पाणी उपसलं की खालून खारं वर सरकतं. थोरल्याच्या पानवेलीची टोकं करपायला लागली, आणि पानवेल हे असलं पीक आहे की खारेपणाची थट्टा तिला चालत नाही. थोरल्याला एवढंच हवं होतं की टँकर बंद व्हावा आणि विहीर गोडी राहावी. दुसरं काही त्यानं कधी मागितलं नाही.

तालमी पॅरिश हॉलमध्ये संध्याकाळी चालायच्या. पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आलं की दोघं माझी वाक्यं बोलत नाहीत, एकमेकांशी बोलतायत.

या खगोलशास्त्रज्ञानं वेधशाळेच्या आवारात एक खोल विहीर वापरली होती, शंभर फुटांच्या आसपास. तिच्या तोंडाशी भिंग बसवायचं आणि स्वतः तळाशी आडवं पडून डोक्यावरून जाणारा तारा बघायचा. ओल फार, म्हणून तो प्रयोग त्याला सोडावा लागला. मी तो प्रसंग घेतला होता. थोरला रंगमंचावर उताणा पडायचा आणि वरून उजेडाचं एक गोल वर्तुळ त्याच्यावर पडायचं.

"तिच्यात पाणी होतं का?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"नसावं. ओल होती एवढंच वाचलंय."

"मग तिला विहीर कशाला म्हणतोस? खड्डा म्हण."

"पुस्तकात विहीर आहे, दादा."

तिसऱ्या तालमीला तो पडल्या पडल्या म्हणाला, "मी विहिरीत उतरतो आणि मला तारा दिसतो. काही लोक विहिरीत वाकतात आणि त्यांना टँकर दिसतो."

मी थांबवलं. "सतराव्या शतकात टँकर नव्हते."

"मग काढून टाक."

धाकटा विगमध्ये बोटं घालून डोकं खाजवत होता. त्याचं वाक्य होतं, 'चंद्राच्या नोंदी मला हव्यात, माझा सिद्धान्त त्यांच्यावाचून अडलाय.' तो म्हणाला, "नोंदी दे. लोक तहानेनं मरतायत आणि तू पानं मोजत बसलायस."

"हे वाक्य कुठून आलं?" मी विचारलं.

"आतून," धाकटा म्हणाला. हॉलमधले सगळे हसले. थोरलाही हसला. मग उठला आणि दोन्ही हातांनी त्याला छातीवर असं ढकललं की तो मागच्या बाकांवर जाऊन आदळला. विग एकीकडे, तो एकीकडे. फादर मधे आले. धाकटा उठला, विग झटकून परत डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "पुन्हा घ्या. ज्योतिषीबुवांचं लक्ष नाही."

पुढच्या रविवारी मोठ्या मिसाला प्रवचन चाललं होतं. आमच्या बाकावर थोरला माझ्या शेजारी बसला होता. चर्च त्यांच्या अंगणापासून लांब नाही. प्रवचनात फादर क्षणभर थांबले आणि त्या थांबण्यात पंपाचा आवाज ऐकू आला. एकसारखा, घशातून घरघरल्यासारखा. थोरल्यानं मान वळवली नाही. प्रार्थनेचं पुस्तक मिटलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि तो उठून चालू लागला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पलीकडच्या बाकावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "जा मागनं. जा ना."

मी पोचलो तेव्हा त्याच्या हातात केळीचे घड तोडायचा कोयता होता. टँकर अंगणात उभा, नळी विहिरीतून टाकीच्या तोंडापर्यंत फुगून कडक झालेली. थोरल्यानं दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला नळी फाटली आणि पाणी असं उसळलं की कुणालाच काही दिसेना. ड्रायव्हर ओरडत खाली उतरला, "ओ चाचा, पागल झाला काय!" थोरल्यानं कोयत्याचा दांडा टँकरच्या काचेवर हाणला. काच फुटून सीटवर सांडली. ड्रायव्हर मागच्या मागे पळाला.

धाकटा घरातून बनियनवर आला. त्यानं थोरल्याची मान मागून आवळली. दोघं चिखलात पडले. साठीतला माणूस आणि पन्नाशीतला माणूस, लहानपणी भांडायचे तसेच गुडघ्यांनी, दातांनी. मी थोरल्याचा खांदा ओढायला गेलो तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. धाकट्यानं कोयता हिसकायला हात घातला तो पात्यावर. तळवा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत उघडला. रक्त आलं ते आधी पाण्यात मिसळून गुलाबी दिसलं, मग लाल.

तेव्हा थोरला थांबला. कोयता दूर फेकून त्यानं भावाचा हात आपल्या रविवारच्या शर्टात गुंडाळला आणि तो दाबून धरला. दाबता दाबता म्हणत होता, "रविवारी? मेल्या, रविवारी? बापाच्या डोळ्यांदेखत?"

"बाप मेलाय," धाकटा म्हणाला. "डोळे मिटलेत त्याचे. सोड, दुखतंय."

"दुखू दे."

दवाखान्यात धाकट्यानं सांगितलं की केळीच्या बुंध्यावरून घसरलो. डॉक्टर इथलेच. त्यांनी टाके घातले आणि कुठल्या जातीची केळी म्हणून विचारलं. टँकरवाल्याची काच धाकट्यानं भरून दिली आणि सोमवारपासून थोरल्याचे तीन दिवस, गुरुवारपासून त्याचे तीन दिवस, अगदी पूर्वीसारखं सुरू झालं. पुढच्या रविवारी पंप लागला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी लागला.

तालमीला दोघंही आले. माझा ओठ सुजलेला होता, धाकट्याच्या हाताला बँडेज. फादर म्हणाले, "ही एकांकिका रद्द करूया का?" दोघांनी एकदम, एका सुरात, "का?" म्हटलं. वहिनीनं धाकट्याच्या अंगरख्याला बाहीपुढे लेसची झालर शिवली, बँडेज झाकेल एवढी लांब.

सणाच्या दिवशी मैदान भरलं होतं. मला दंगा होईल असं वाटत होतं. तो झाला नाही. पहिल्यांदाच दोघं माझी वाक्यं जशीच्या तशी बोलले. नाटकात एका बैठकीचा प्रसंग आहे, ज्यात संधिवातानं त्रस्त खगोलशास्त्रज्ञाला धरून जिन्यावरून वर नेतात आणि मोठा शास्त्रज्ञ त्याला तोंडाला येईल ते बोलतो. त्यातली सर्वांत सौम्य शिवी 'कुत्र्याचं पिल्लू', असं खगोलशास्त्रज्ञानंच मागे नोंदवून ठेवलं आहे. धाकट्यानं ती शिवी इतक्या हळू आवाजात दिली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी क्रूसाची खूण करत कपाळाकडून छातीकडे हात नेले. थोरला म्हणाला, "राग आवरा, महाशय." तेही संहितेतलंच. त्याच्या मानेची शीर मात्र संहितेत नव्हती.

मग शेवटचा प्रसंग. अपुऱ्या नोंदी खगोलशास्त्रज्ञाच्या संमतीशिवाय, दुसऱ्याच्या हातून दुरुस्त्या करून छापल्या गेल्या. पुढे दरबारातली माणसं बदलली, तेव्हा त्यानं उरलेल्या प्रती ताब्यात घेतल्या. चारशे छापल्या होत्या, तीनशे त्याच्या हाती आल्या. त्यातला स्वतःच्या नजरेखालून गेलेला भाग काढून घेतला आणि बाकीचं जाळलं. आम्ही रंगमंचावर लोखंडी घमेल्यात आग केली होती. थोरला एकेक गठ्ठा टाकत गेला. मी आठ-दहा टाकायला सांगितलं होतं. त्यानं सगळे टाकले. ज्वाळा वरच्या पडद्याच्या झालरीपर्यंत गेल्या, कुणीतरी बादली घेऊन धावलं, त्यानं हात करून त्याला थांबवलं. चेहऱ्याला धग लागत होती तरी तो मागे सरला नाही. भुवया करपल्या. विंगेत धाकटा माझ्या शेजारी उभा होता.

"याला झालंय काय?" तो म्हणाला.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं.

त्याच आठवड्यात, थोरल्याच्या पाळीच्या दिवशी, सकाळी अंगणात डंपर आला. पाडलेल्या इमारतींचं राबिट भरलेला. असे डंपर आमच्या भागात पाणथळ जागा बुजवायला रोज फिरतात, बोलावलं की येतात. थोरला मागे उभा राहून हातवारे करत होता, "येऊ दे, येऊ दे, अजून, बस." मला वाटलं, गोदामाकडची जागा भरतोय. मग मागचा हौदा उचलला गेला आणि विटा, लाद्या, सळया, फुटका कमोड, सगळं एका धडाक्यात विहिरीत गेलं. जमीन हादरली. आतून पाणी कठड्यावरून उडालं आणि पंपाची केबल तुटून सापासारखी वर आली.

धाकटा दात घासत बाहेर आला होता. ब्रश तोंडात तसाच. तो धावला आणि टाके घातलेल्या हातानंच त्यानं थोरल्याच्या कानशिलात मारली. एकदा, दोनदा. मग मुठीनं. थोरल्याचं नाक फुटलं. त्यानं हात उचलला नाही. फक्त ड्रायव्हरला म्हणाला, "दुसरा आण."

"दादा, बापाची विहीर आहे ती!"

"बापाची होती तोवर गोडी होती."

"तुझी पानवेल मरेल, अक्कलशून्य माणसा! तुझीच!"

"मरू दे. तुझ्या टँकरमधून जाण्यापेक्षा इथं मरू दे."

दुसरा डंपर आला. धाकटा त्याच्यापुढे आडवा झाला. मी आणि ड्रायव्हरनं त्याला पायांना धरून ओढून काढलं, कारण थोरला "येऊ दे" म्हणतच होता, आणि मला त्याचा भरवसा वाटत नव्हता. वहिनी ओट्यावर बसून तोंडात पदर कोंबून रडत होती. विहीर कठड्यापर्यंत भरली.

संध्याकाळी थोरला माझ्या पडवीत आला. नाकात कापूस. कडेला टेकला. मग म्हणाला, "जाळल्यावर तुझ्या त्या ज्योतिष्याला वाईट वाटलं का रे?"

"तसं काही मी वाचलं नाही. उलट, सत्यासाठी केलेला होम असंच तो म्हणायचा. पुढं तो मेल्यावर त्याच्या बायकोनं आणि मदतनिसांनी त्याचं काम पुरं छापलं. तीन हजारांच्या आसपास तारे. त्याची उपकरणंसुद्धा बाईनं उचलून नेली, पुढच्या माणसाला रिकामी वेधशाळा मिळाली."

"म्हणजे मूळ नोंदी त्याच्याकडे होत्या."

"होत्या."

"मग त्यानं जाळलं काय?" थोरला म्हणाला. "कागद."

 तेवढ्यात त्यांच्या अंगणातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. थोरला उठला, मीही त्याच्या मागे गेलो, सकाळचं परत नको म्हणून.

धाकटा भरलेल्या विहिरीवर उभा होता. पहार घेऊन सळयांच्या जाळीत अडकलेला काँक्रीटचा तुकडा उचकटत होता. बँडेज सुटून लोंबत होतं, त्यातून रक्त टपकत होतं. तुकडा निघाला तसा त्यानं तो उचलला आणि न बघता मागे भिरकावला. तो थोरल्याच्या पायाशी येऊन फुटला.

"असं एकेक काढलंस तर मरेपर्यंत पुरेल," थोरला म्हणाला.

"तुझं काय जातं? तू तर तिला मारून मोकळा झालास."

"आणि निघालं समज. पंप लावशील परत?"

धाकटा थांबला. पहारीवर रेलून श्वास घेत राहिला. त्यानं विहिरीकडे पाहिलं, गोदामाकडे पाहिलं.

"आधी पाणी दिसू दे," तो म्हणाला.

"नाही. आधी सांग."

 धाकट्यानं पहार पुन्हा जाळीत घातली आणि सगळं वजन टाकून दाबली. थोरला कठड्याबाहेर हाताची घडी घालून उभा राहिला. त्यानं मदत केली नाही, आणि तो गेलाही नाही. अंधारून आलं, वहिनीनं अंगणातला दिवा लावला, तरी आवाज चालूच होता.