मत आईचं, नाव माझं

वडिलांचं काम सुटलं तेव्हा मी सातवीत होते. कल्याणजवळ मोहन्याला चाळीत आमची एक खोली. त्या वर्षी सकाळी चहा-चपाती आणि संध्याकाळी डाळभात, मधे काही नाही, असे कितीतरी महिने काढले. वडील खचले ते परत उभे राहिलेच नाहीत. मी दहावीत असताना गेले. तोवर आईने वाल सोलायला घेतले होते. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा आणि ते बिरडं डोंबिवलीतल्या ठरलेल्या घरी पोचवायचं. नोकरीवाल्या बायकांना सोलायला वेळ कुठे? आईच्या बोटांची टोकं कायम पांढरी, सुरकुतलेली.

तिचे हात गुंतलेले, पण कान मोकळे. म्हणून मी अभ्यास मोठ्याने करायचे. आई शाळेत गेलीच नव्हती. सही करायची, तीही मी शिकवलेली. पण इतिहासाचा धडा ऐकता ऐकता मधेच म्हणायची, "राजा जिंकला ते कळलं. घोड्यांना चारा कोणी आणला?"

"आई, ते परीक्षेत येत नाही!"

"मग नको सांगू."

मी बी.कॉम. झाले. माहेरच्या, आजोळच्या, दोन्हीकडच्या घराण्यांत पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. घोडबंदर रोडला एका ऑफिसात लागले, लग्न झालं, डोंबिवलीत घर घेतलं आणि आईला घेऊन आले. वाल सोलणं तिने सोडलं नाही. "बसून काय करू, भिंती बघू?" रविवारी सकाळी ती परात घेऊन बसायची आणि मी लायब्ररीतून आणलेलं पुस्तक वाचून दाखवायचे. कधी नवी कादंबरी, कधी कुणा यशस्वी माणसाचं आयुष्य.

त्या लायब्ररीत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी वाचक जमतात. पंधरा-वीस जण. अलीकडे वाचलेल्या एका पुस्तकावर दहा मिनिटं बोलायचं आणि तेच लिहून द्यायचं. निवडक अभिप्राय वार्षिक अंकात छापतात. चालवणारे सर निवृत्त मराठीचे शिक्षक. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा भाषा ओघवती आहे, व्यक्तिरेखा ठसठशीत आहेत असं काहीबाही बोलले. लोक मोबाईल बघत होते. सर म्हणाले, "छान." त्या 'छान'चा अर्थ मला कळला.

दुसऱ्या वेळी मी एका कादंबरीवर बोलणार होते. टॉवरमध्ये राहणारं जोडपं, बाईचा एकटेपणा, मोठमोठ्या खिडक्या. मला आवडलेली. आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "त्यांच्याकडे भांडीवाली येते ना? दुसऱ्या दिवसाच्या गोष्टीत बेल वाजली, ती आत आली. बाहेर कधी गेली?"

मी पानं चाळली. गेलीच नव्हती. लेखकाने तिला स्वयंपाकघरात नेलं होतं आणि विसरून गेला होता. पुढची दोनशे पानं घरात "कुणीच नव्हतं".

"म्हणजे ती बिचारी अजून तिथेच उभी," आई म्हणाली आणि हसत सुटली.

शनिवारी मी हेच बोलले. एकही मोबाईल बाहेर आला नाही. सर खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

"असंच. वाचता वाचता."

इतकंच बोलले मी. नंतर दर महिन्याला हेच होत गेलं. गरिबीतून वर आलेल्या एका उद्योजकाचं पुस्तक सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं. आईने विचारलं, "सुरुवातीला ह्याला दोन बहिणी होत्या. हा कॉलेजात गेला तेव्हापासून दिसल्या नाहीत. त्यांची शाळा सोडवली असणार बघ." पहाटे पाचला उठून आयुष्य बदलायला सांगणारं एक पुस्तक होतं. त्यावर ती म्हणाली, "पाचला पाणी येतं म्हणून उठतात. हे त्याला कोणी सांगितलं नाही वाटतं." हॉल हसून हसून बेजार. आणि एका कादंबरीत आई वारल्यावर मुलगा सहा पानं रडतो, ती मी थांबत थांबत वाचली. आई सोलता सोलता म्हणाली, "रडतोय चांगलं. ती होती तेव्हा तिला काही विचारलंय का त्याने एकदा तरी? मागे जाऊन बघ." मी मागे जाऊन बघितलं. विचारलं नव्हतं. हे मी शनिवारी सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक काकू डोळे पुसत होत्या.

त्याच दिवशी सर म्हणाले, "तुमच्या घरी वाचनाची परंपरा दिसते."

"हो," मी म्हणाले. "आई खूप वाचते."

का म्हणाले? पहिली पदवीधर असल्याची मला एवढी ऐट, मग आई निरक्षर आहे हे सांगायला जीभ का जड व्हावी? खरं तर तेच सांगण्यात ऐट होती. पण तिथले लोक तीन-तीन पिढ्या शिकलेले, त्यांच्या आजीसुद्धा मासिकं वाचायच्या. मला त्यांच्यातली एक व्हायचं होतं.

घरी आले की आई विचारायची, "सांगितलंस का मी काय म्हटलं ते?"

"सांगितलं."

"माझं नाव घेतलंस?"

"घेतलं गं."

"मग? काय म्हणाले?"

"खूश झाले सगळे."

ती परातीकडे बघत हसायची. एकदा म्हणाली, "मला ने की एकदा. बोलणार नाही काही. मागे बसेन." मी म्हटलं, तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, तुझे गुडघे. पुढच्या महिन्यात ती मोरपंखी साडी नेसून तयार बसली होती. मी म्हटलं, आज मीटिंग रद्द झाली. आणि भाजी आणायला जाते सांगून मीटिंगला गेले.

मागच्या दिवाळीनंतर तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. रविवारी मी पलंगाशी बसून वाचायचे. पूर्वी ती जिथे अडवायची तशा जागा आल्या की मी आपणहून थांबायचे, तिच्याकडे बघायचे. ती बघत राहायची. मला स्वतःचं काही सुचायचं नाही. दोन शनिवार मी गेले नाही, कारण बोलायला काहीच नव्हतं. त्या दिवसांत मला कळलं की एवढी वर्षं मी फक्त वाचत होते.

एका रविवारी पुस्तक बाजूला ठेवून मी तिला सांगितलं, "आई, मी तिथे तुझं नाव कधी घेतलं नाही. सगळं माझं म्हणून सांगितलं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मान भिंतीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून पुस्तक उघडलं. तिने डावा हात उचलला आणि ते मिटलं. मी परत उघडलं. तिने परत मिटलं. "दमल्या असतील," नवरा म्हणाला. असं मला समजावणारे बरेच भेटले. पण पुढचे तीन आठवडे तिने वाचू दिलं नाही, आणि मग ती गेली. ती कादंबरी माझ्याकडून अजून पुरी झालेली नाही.

यशाच्या पुस्तकांमध्ये एक आई असतेच. ती कष्ट करते, स्वतः उपाशी राहते आणि मुलाच्या ताटात वाढते. तिला मत मात्र कधी नसतं. आता मला ही पुस्तकं वाचवत नाहीत. माझ्यावर कुणी लिहिलं असतं तर त्यातही तेच झालं असतं.

तेरावं झाल्यावरच्या शनिवारी मी गेले. पुस्तक नेलं नाही. उभी राहिले आणि सगळं सांगितलं: आईला वाचता येत नव्हतं, मतं तिची होती, तिसरा मजला आणि तिचे गुडघे यांचं निमित्त करून मी तिला आणलं नाही, ती साडी नेसून बसली होती तेही. पहिल्या रांगेतल्या त्या काकू हळूच म्हणाल्या, "अगं, आणायचंस ना गं त्यांना. आम्ही खाली येऊन बसलो असतो."



सरांनी विचारलं, "आता काय करायचं, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, अंक अजून छापायचा आहे, माझ्या नावाचे सगळे अभिप्राय काढा. "काढायचे कशाला?" ते म्हणाले. "त्यांचं नाव लिहून द्या. पूर्ण नाव."

मी लिहून दिलं. गेल्या महिन्यात अंक आला. त्यात मी लिहून दिलेले सात अभिप्राय आहेत आणि सातही आईच्या नावाने छापलेले आहेत.