मनोऱ्याचा उतारा

किस्से असे एकेकटे येत नाहीत. फळीवरची झाकणं असतात ना, एक ओढलं की पाच खणखणत अंगावर येतात, तसं होतं माझं. काल कुणीतरी टेकडीपाशी असलेल्या मनोऱ्याचं नाव काढलं आणि झालं!

आटपाट नगर म्हणायची सोय नाही, कारण नगर होतं अंबरनाथ आणि ते आटपाट अजिबात नव्हतं. तिथे कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये तिघं राहत होती. एक मी, एक आमचे हे आणि एक आमची लेक सुशी. सुशीचे पाय लहानपणीच पोलिओने नेले, पण त्यांची सगळी ताकद जिभेत गेली! शिकलेली पोर, घरी शिकवण्या घ्यायची. आणि तिकडे उल्हासनगरात, कॅम्प चारला, नंदू नावाचा एक सिंधी वेल्डर राहत होता. तो या गोष्टीत कसा आला ते आधी सांगते.

*

सुशीची व्हीलचेअर मोडली. आमच्या ह्यांना कुणीतरी सांगितलं, कॅम्प चारला जा, तिथे काहीही बनवून मिळतं. गेलो. नंदूने सायकलची चाकं लावून, रिक्षाचा भोंगा बसवून खुर्ची अशी चकाचक केली की सुशी पण बघत राहिली. पाठीवर स्टिकर: "इम्पोर्टेड"!

सुशी म्हणाली, "कुठून इम्पोर्ट केली हो?"

नंदू म्हणाला, "मॅडम, कॅम्प चार से अंबरनाथ जायेगी. इम्पोर्टेडच झाली ना!"

तेव्हापासून दर पंधरवड्याला तो नट टाइट करायला घरी यायचा. एवढे नट कुठे ढिले होत होते देव जाणे. मला मावशी म्हणायचा, ह्यांना काका. सुशीला मात्र ताई एकदाही म्हणाला नाही. मॅडमच!

*

त्याच सुमारास बदलापूरच्या अंगाला टेकडीच्या पायथ्याशी बाग झाली आणि बागेत मनोरा बांधायला घेतला. वरून म्हणे मलंगगड दिसणार, बारवीकडचे डोंगर दिसणार. सुशीने हट्टच धरला. गेलो. बघतो तर आत गोल जिना, नुसत्या पायऱ्या!

वॉचमन भला माणूस. म्हणाला, "काळजी कशाला? चार गडी बोलावतो. उचलून नेऊ की!"

सुशी म्हणाली, "मी काय गॅसचा सिलेंडर आहे?"

"नाही हो, सिलेंडर जड असतो."

"दादा, मी वर जाईन ती माझ्या चाकांवर. नाहीतर नाही जाणार. जन्मभर लोकांची पोटं आणि पट्टे बघितलेत मी. एकदा मला त्यांचे भांग बघू द्या!"

वॉचमनने गुपचूप शर्ट आत खोचला.

परत येताना ती एक शब्द बोलली नाही. सुशी गप्प म्हणजे घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटायचं मला. ठरवलं, काही होवो, पोरीला वर न्यायचीच.

*

सुशीने पढवलं, "आई, बागेच्या ऑफिसात जा आणि सांग, मनोऱ्याला उतार पाहिजे. मागून टेकडी टेकलीच आहे, तिथून पूल टाका म्हणावं."

मी वाटभर घोकत गेले. आणि साहेबासमोर ऐटीत म्हणाले, "साहेब, आम्हाला उतारा पाहिजे!"

साहेब मान वर न करता म्हणाला, "तलाठ्याकडे जा."

गेले तलाठ्याकडे. तो म्हणाला, "कुठल्या जमिनीचा उतारा?"

"मनोऱ्याचा!"

"मनोरा तुमच्या नावावर आहे, मावशी?"

मी वैतागून घरी. ओट्यावर शेजारची बायजाक्का बसली होती, वांगणीकडच्या पाड्यातली. तिला म्हटलं, "मनोऱ्याचा उतारा कुणी देईना गं!" ती म्हणाली, "इतकंच ना? मी टाकतंय!" आणि दुसऱ्या दिवशी तिने लिंबू, कुंकू, भात असं सगळं मनोऱ्यावरून ओवाळून पायरीवर ठेवलं की!

मजूर आले, बघितलं, आणि फावडी टाकून पळाले. मनोऱ्याला बाधा झाली म्हणे! काम ठप्प. इंजिनिअर धापा टाकत आमच्या दारात. "मावशी, केलंत काय तुम्ही?"

सुशीने शांतपणे विचारलं, "साहेब, आई तुमच्या ऑफिसात काय मागून गेली? उतारा? एक काना कमी करा, सगळं काम सुरू होईल!"

इंजिनिअरला कळायला वेळ लागला, पण कळलं तसा हसत सुटला. मग बायजाक्कालाच साइटवर नेलं. तिने नारळ फोडला आणि मजुरांना ठणकावून सांगितलं, "झाला शांत! पण उतार बांधल्याबिगर सोडणार नाय म्हणतोय!"

इतकं झपाट्याने काम कुठे झालं नसेल.

*

उतार झाला, पण कसला? घसरगुंडी! नंदू म्हणाला, आधी मी ट्रायल घेतो. खुर्चीत बसला, वर ढकलायला लावलं आणि सुटला की खाली! भोंगा वाजतोय, मजूर उड्या मारतायत, आणि नंदू थेट वाळूच्या ढिगात!

डोक्यावरची वाळू झटकत म्हणाला, "ब्रेक अच्छा है, मावशी. बस, रुकता नहीं!"

सुशी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. इंजिनिअरने मुकाट्याने उतार लांबवला, मध्ये वळण दिलं.

*

आणि मग उघडायचा दिवस! पाहुणे जिन्याने निघाले आणि अर्ध्यातच कठडा धरून बसले. सुशी मागच्या पुलावरून, दोन्ही हातांनी चाकं रेटत, भोंगा वाजवत वर! कुणी हात लावला नाही. मी मागून नुसती पळतेय! तिच्यामागे पोटुशा बाया, पोरंवाल्या, काठीवाले म्हातारे.

वॉचमन ओरडला, "अहो, ही अपंगांची वाट आहे!"

एक आजोबा म्हणाले, "मग माझ्या गुडघ्यांना काय पंख आहेत?"

वर वारा असा भन्नाट! सुशी कठड्याला टेकून खाली बघत होती, बघतच होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "आई, डोंगर राहू दे. आपले बाबा बघ, वरून पार टकले आहेत!"

तेवढ्यात जिन्यातून एक बाई ताडताड वर आली. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, हातात मिठाईचा पुडा. ना धाप, ना घाम. नंदूची मम्मी! नंदू एकदम मलंगगड बघायला लागला.

तिने सुशीला चाकांपासून केसांपर्यंत बघितलं. "बेटी, तुम्हारे घर के दरवाजे में सीढ़ी है?"

"आहे ना. आई-बाबा खुर्ची उचलतात."

"हमारे यहाँ भी थी. इसने पिछले महीने तोड़ के ढलान बना दी. मैंने पूछा, किसके वास्ते? बोला, मम्मी, तुम्हारे घुटनों के वास्ते."

मग ती माझ्याकडे वळली, मिठाईचा पुडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बहनजी, मेरे घुटनों को आज तक कुछ नहीं हुआ!"